राखणदार कोणाला म्हणावे?

झाशीहून समुद्र फार दूर आहे. मुंबईचा किनारा गाठायचा तर आगगाडीने सुमारे अकराशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून या शहरात वस्ती करून राहिलेल्या मराठी घराण्यांत कित्येकांनी समुद्र न पाहताच इहलोकीची यात्रा संपविली असेल. शुभवर्तमानातील गालील समुद्रावरचे वादळ आम्हां झाशीकरांना बेतवेच्या पुरावरूनच ओळखावे लागते. तरीही या लेखात मी आपणांस समुद्रकिनाऱ्यावर घेऊन जाणार आहे. त्याचे कारण मात्र समुद्राकाठी नसून आमच्याच मुलखात, एका नदीच्या पात्रात आहे.

१५ ऑगस्ट २०१८ चा दिवस. स्वातंत्र्यदिनाची सुटी असल्यामुळे शिवपुरी आणि ग्वाल्हेर यांच्या दरम्यान असलेल्या सुलतानगढच्या धबधब्यावर सहलीला आलेल्यांची गर्दी होती. पार्वती नदीचे पाणी अकस्मात वाढले. काही जण डोळ्यांदेखत वाहून गेले आणि सुमारे चाळीस-पंचेचाळीस माणसे पात्राच्या मध्यभागी एका खडकावर अडकून पडली. हेलिकॉप्टर आले, त्याने पाच जणांना उचलले, मग अंधार पडला आणि त्याला परतावे लागले. पुढे रात्रभर दोरखंडांच्या आधाराने जे बचावकार्य चालले, त्यात सरकारी पथकांबरोबर जवळच्या गावचे काही रहिवासी पाण्यात उतरले होते. ते पगारी जीवरक्षक नव्हते. नदीकाठी राहणारी, नदी जाणणारी साधी माणसे होती. खडकावरचे सारे जण पहाटेपर्यंत काठावर आले. पुढे सरकारने त्या ग्रामस्थांना बक्षीस जाहीर केले.

अशी वार्ता वाचली की आपण भारावून जातो, 'धन्य ती माणसे' असे म्हणतो आणि पान उलटतो. परंतु वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. ती माणसे पाण्यात उतरली नसती तर त्यांनी पाप केले असते काय? त्यांनी जे केले ते कर्तव्य होते, की कर्तव्याच्या पलीकडचा उपकार? आणि काठावर उभे राहून नुसते पाहणाऱ्या शेकडो जणांचे काय? ते निर्दोष होते काय?

हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे. आपल्या भावाच्या रक्ताचा जाब देवाने विचारला तेव्हा काइनाने उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न केला: मी काय त्याचा राखणदार लागतो, अशा अर्थाचा. देवाने त्या प्रश्नाचे थेट उत्तर दिले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते उत्तर शोधण्याचे काम त्याने जणू आपल्यावरच सोपविले.

कायदा काय म्हणतो?

मनुष्यांनी केलेल्या कायद्यांत या प्रश्नावर एकमत नाही. फ्रान्स आणि जर्मनी या देशांत स्वतःला धोका नसताना संकटातील माणसास मदत न करणे हा दंडनीय अपराध आहे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत मात्र ज्याचा आपला काही संबंध नाही अशा परक्या माणसाला वाचविण्याचे सर्वसाधारण बंधन कोणावरही नाही. आपल्या देशानेही बहुतांशी तीच परंपरा स्वीकारली आहे. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला उचलणाऱ्यास पोलिसांचा व न्यायालयाचा त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियमांना मान्यता दिली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी दुरुस्तीही झाली. त्या कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. न करणाऱ्याला जाब विचारलेला नाही.

समुद्राचा कायदा याहून कडक आहे. समुद्रात कोणी बुडत असल्याचे कळले तर स्वतःचे जहाज व माणसे गंभीर धोक्यात न घालता शक्य असेल तेथवर त्याला वाचविणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य आहे, असे १९१० च्या ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय कराराने ठरविले. बुडणारा शत्रू असला तरीही! भूमीवर ज्याला आपण उपकार म्हणतो त्याला समुद्रावर कर्तव्य म्हणतात. याचे कारण उघड आहे. भर समुद्रात दुसरा कोणी येणार नसतो. जो जवळ आहे तोच शेजारी.

परंतु कायदा कितीही कडक असला तरी तो एका क्षणाविषयी बोलतो. माणूस बुडत आहे, तुम्ही पाहत आहात, आता तुम्ही काय करणार? नीतिशास्त्रावरचे ग्रंथही बहुधा याच क्षणापाशी घुटमळतात. मला असे वाटते की प्रश्नाची सुरुवात तेथे होतच नाही. ती त्या क्षणाच्या कितीतरी आधी होते. हे मला पटले ते किनाऱ्यांवरच्या जीवरक्षक ठाण्यांचा इतिहास वाचताना.

बंद असलेले ठाणे

ज्या किनाऱ्यांवर जहाजे वारंवार फुटतात तेथे होडी, दोर व माणसे सतत सज्ज ठेवावीत, ही कल्पना आज साधी वाटते. पण तिला रूप येण्यास फार काळ लागला. ब्रिटनमध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने १८२४ मध्ये जीवरक्षक होड्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती आजही मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या बळावर व लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिने आजवर एक लाख चाळीस हजारांहून अधिक जीव वाचविले आहेत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यासाठी १८४८ मध्ये सरकारने पैसा मंजूर केला. त्यातून ठाणी बांधली, होड्या ठेवल्या, दोर ठेवले. एकच गोष्ट ठेवली नाही, ती म्हणजे माणूस. वादळ आले की आसपासच्या लोकांनी धावून यावे अशी अपेक्षा होती. परिणाम काय झाला? कित्येक ठिकाणी होड्या कुजल्या, साधने गंजली, काही चोरीस गेली. १८७१ नंतर समनर किंबल नावाच्या अधिकाऱ्याने ही व्यवस्था नव्याने उभारली, पगारी माणसे नेमली, नियम घालून दिले. तरीही काटकसरीसाठी दक्षिणेकडची ठाणी वर्षाचे काही महिनेच उघडी राहत.

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, नॅग्ज हेड गावाजवळ, 'ह्यूरन' नावाची युद्धनौका वादळात वाळूवर चढली. किनारा अवघ्या दोनशे यार्डांच्या आसपास होता. काठावर माणसे जमली, त्यांना बुडणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. जीवरक्षक ठाणे दोन-तीन मैलांवर होते. त्यात दोर होता, दोर फेकण्याची तोफ होती. परंतु ठाण्याला कुलूप होते. ते १ डिसेंबरला उघडणार होते. अठ्ठ्याण्णव माणसे बुडाली.

वाचकहो, त्या अठ्ठ्याण्णव जणांचा मृत्यू कोणाच्या माथी मारावा? काठावरच्या कोळ्यांच्या? त्यांच्याजवळ साधन नव्हते. ठाण्याच्या माणसांच्या? त्यांची नेमणूक अद्याप सुरू व्हायची होती. पैसा वाचविणाऱ्या प्रतिनिधींच्या? त्यांच्यापैकी एकानेही कोणाला बुडविले नव्हते. त्यांनी केवळ एक तारीख ठरविली होती. प्रत्येकाचे हात स्वच्छ आणि समुद्रात अठ्ठ्याण्णव प्रेते! अंतिम क्षणाकडे पाहाल तर दोषी सापडत नाही. त्याच्या आधीच्या शांत, उन्हाळी दिवसांकडे पाहाल, तर दोष कोठे घडला ते लख्ख दिसते.

यहेज्केल संदेष्ट्याने पहारेकऱ्याविषयी जे लिहिले आहे त्याचा अर्थ मला येथे उलगडला. तलवार येताना पाहूनही ज्याने कर्णा वाजविला नाही, त्या पहारेकऱ्याकडून देव रक्ताचा जाब मागतो. त्याने स्वतः कोणावर तलवार चालविलेली नसते. त्याचा अपराध एवढाच, की पहारा त्याच्याकडे होता आणि त्याने तो केला नाही.

आपल्या किनाऱ्यावर

असे सातासमुद्रापलीकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या स्मृतीत 'रामदास' बोटीचे दुःख अजून ताजे आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. गटारी अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेली माणसे तीत खच्चून भरली होती. प्रवास अवघ्या तास-दीड तासाचा. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी बोट कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याची पहाट महिन्याभरावर आलेली असताना गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे इतक्या जवळच्या मुंबई बंदराला कित्येक तास काही कळलेच नाही. कोणी वाट पाहत नव्हते, म्हणून कोणी निघाले नाही.

निघाले ते कोळी. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेल्या होड्यांतील कोळ्यांनी तरंगणारी माणसे पाहिली, आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. दिवसाची कमाई त्यांनी पाण्यात सोडली. अशा कृतीपुढे आपण नतमस्तक व्हावे. पण त्याचबरोबर एक कठोर गोष्टही मान्य करावी. त्यांच्या थोरवीची गरज पडली, कारण इतर सर्वांनी आपला वाटा आधी उचलला नव्हता. वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. इशारा मिळालेला होता. समुद्राने कर्णा वाजविला होता. ऐकणाऱ्यांनी तो दुर्दैवाच्या खात्यात लिहून टाकला.

खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे आणि मुंबईच्या तोंडाशी प्राँग्जचा दीपस्तंभ १८७५ पासून उभा आहे. दिवा धोका दाखवितो, पण बुडणाऱ्याला हात देण्याची व्यवस्था निराळी असावी लागते. भारतीय तटरक्षक दल १९७७ मध्ये अस्तित्वात आले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. आज समुद्रातील संकटाची खबर देण्यासाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि त्याच्या पलीकडे कोणीतरी रात्रंदिवस जागे असते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या 'कोची', 'कोलकाता' इत्यादी जहाजांनी त्या खवळलेल्या समुद्रातून त्यांपैकी १८६ जणांना जिवंत बाहेर काढले. पंच्याहत्तर जण गेले, हे दुःख आहेच. परंतु रामदासच्या दिवशी जे नव्हते ते या दिवशी होते: वाट पाहणारा कोणीतरी होता.

पी बेटाचा राखणदार

आता मी आपणांस ज्या मनुष्याविषयी सांगणार आहे, तो 'ह्यूरन' फुटली त्याच किनाऱ्यावरचा. त्याचे नाव रिचर्ड एथरिज. १८४२ मध्ये तो गुलाम म्हणून जन्मला. अमेरिकेतील यादवी युद्धात तो मुक्तीच्या बाजूने सैन्यात लढला. 'ह्यूरन'सारख्या अपघातांनंतर ठाण्यांचा कारभार सुधारण्याची निकड सरकारला भासली. पी बेटावरच्या ठाण्यात १८७९ मध्ये गंभीर हयगय उघडकीस आली, म्हणून तेथल्या प्रमुखाला काढण्यात आले आणि जानेवारी १८८० मध्ये त्या जागी एथरिजची नेमणूक झाली. या हुद्द्याचे इंग्रजी नाव 'कीपर', म्हणजे राखणदार. इंग्रजी पवित्र शास्त्रात काइनाच्या तोंडी जो शब्द आहे, तोच हा. काइनाने जे नाव झिडकारले ते एका मुक्त झालेल्या गुलामाने सरकारी हुद्दा म्हणून स्वीकारले.

एका कृष्णवर्णीयाच्या हाताखाली काम करण्यास गोरे लोक तयार नव्हते. म्हणून त्या ठाण्यात सर्व माणसे कृष्णवर्णीयच झाली. नेमणुकीनंतर काही महिन्यांतच ठाण्याची इमारत जळाली. ती जाळली गेली असाच संशय होता. एथरिजने ते ठाणे पुन्हा उभे केले आणि आपल्या माणसांना शिस्त लावली. या ठाण्यांचा आठवडा ठरलेला असे. एका दिवशी होडी लाटांत घालण्याचा सराव, एका दिवशी निशाणांचा, एका दिवशी दोर फेकण्याच्या साधनांचा, एका दिवशी बुडालेल्याचा श्वास पुन्हा सुरू करण्याचा, शनिवारी साफसफाई. रात्री पाळीपाळीने माणसे किनाऱ्याने चालत जात. शेजारच्या ठाण्याचा माणूस समोरून येई, दोघे पितळी बिल्ल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. पहारा खरोखर झाला याचा तो पुरावा. बहुतेक रात्री काहीच घडत नसे. वाळू, वारा, काळोख आणि खिशात एक पितळी बिल्ला.

असे सोळा वर्षे चालले. मग ११ ऑक्टोबर १८९६ ची रात्र आली. तुफान इतके भयंकर होते की समुद्राचे पाणी किनारा ओलांडून पलीकडे जात होते आणि पायी पहारा बंद ठेवावा लागला होता. तरीही थिओडोर मीकिन्स नावाचा जीवरक्षक ठाण्यातून समुद्राकडे डोळे लावून होता. त्याला दूर काहीतरी चमकल्यासारखे वाटले. त्याने आपली मशाल पेटविली. एथरिज आला, दोघांनी मिळून पाहिले, आणि क्षीण असे उत्तर आले. ते 'ई. एस. न्यूमन' नावाचे शिडाचे जहाज होते. त्यावर कप्तान, त्याची पत्नी, तीन वर्षांचे मूल आणि खलाशी मिळून नऊ जण होते.

साधनांची गाडी ओढत ते तेथे पोहोचले तेव्हा कळले की एकही साधन उपयोगाचे नाही. होडी लाटांत टिकली नसती. दोर बांधण्यासाठी खुंटा रोवावा तर पायाखाली भूमीच उरली नव्हती, सगळीकडे पाणीच पाणी. तेव्हा एथरिजने दोन माणसांना दोराने एकमेकांशी बांधले, दोराचे दुसरे टोक उरलेल्यांनी धरले आणि ते दोघे पोहत जहाजाकडे गेले. प्रथम मूल आणले. मग पुन्हा दोघे गेले. थकलेल्यांच्या जागी दुसरे जात राहिले. मध्यरात्र उलटली तेव्हा नऊच्या नऊ जण किनाऱ्यावर होते.

एथरिज १९०० मध्ये वारला, सेवेत असतानाच. त्याला वा त्याच्या माणसांना त्या रात्रीबद्दल एकही पदक मिळाले नाही. १९४७ मध्ये, आपली रामदास बुडाली त्याच वर्षी, ते ठाणे बंद झाले. सुवर्णपदक १९९६ मध्ये जाहीर झाले, म्हणजे शंभर वर्षांनी. घेण्यासाठी त्यांच्यातले कोणीही उरले नव्हते.

दोन आक्षेप

येथे कोणी वाचक म्हणेल, "ही तर पगारी माणसे. प्रभूने मोलकरी आणि मेंढपाळ यांत भेद केला आहे. पैशासाठी केलेल्या पहाऱ्यात प्रीती कोठून येणार?" आक्षेप गंभीर आहे. पण प्रभूच्या त्या वचनाकडे नीट पाहा. मोलकऱ्याचा दोष तो वेतन घेतो हा नव्हे. लांडगा आला की तो पळतो, कारण मेंढरे त्याला आपली वाटत नाहीत, हा आहे. एथरिजची माणसे वेतन घेत आणि लांडगा आला तेव्हा पाण्यात उतरली. उलट, वेतन न घेता धर्मकार्य करणारे किती जण पहिल्या वाऱ्यालाच घरी जातात, हे आपण आपल्या मंडळ्यांत पाहिले नाही काय?

दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. याजक, लेवी आणि शोमरोनी यांवर आपण असंख्य प्रवचने ऐकली. त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते: उतारशाळेचा रक्षक. यरीहोच्या त्या धोकादायक वाटेवर त्याने उतारशाळा उघडी ठेवली होती म्हणूनच शोमरोन्याला जखमी माणसास कोठेतरी नेता आले. ती बंद असती तर शोमरोन्याची करुणा वाटेवरच अडखळली असती. रक्षकाने दोन दीनार घेतले, अधिक खर्च झाला तर तोही त्याला मिळणार होता. प्रभूने त्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. शोमरोन्याची प्रीती एका रात्रीची होती आणि पुढे तिला प्रवासास जायचे होते. पुढल्या दिवसांची प्रीती त्या निनावी रक्षकाकडे सोपविली गेली. करुणेला घर लागते, आणि घर कोणीतरी रोज झाडावे लागते.

दुसरा आक्षेप याहून दुखरा आहे. पहारा केला आणि तरीही माणसे बुडाली, तर? १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील पेनली ठाण्याची 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक होडी एका संकटग्रस्त जहाजाकडे गेली. तिच्यावर माऊसहोल या छोट्या गावचे आठ स्वयंसेवक होते. त्यांनी चार जणांना होडीत घेतल्याचे कळविले आणि उरलेल्यांसाठी ते पुन्हा वळले. त्यानंतर कोणीच परतले नाही. वाचविणारे आठ आणि वाचवायचे आठ, सोळाही जण गेले. हिशेब मांडला तर हाती शून्य. पण एका दिवसाच्या आत त्याच गावात नव्या होडीसाठी पुरेशी माणसे पुढे आली. शोकाकुल गावाला जणू हे ठाऊक होते की ठाण्याचे काम यशावर अवलंबून नाही. उद्या पुन्हा कोणीतरी हाक मारील. तेव्हा तेथे कोणीतरी असले पाहिजे. वधस्तंभापाशी ज्यांचा विश्वास उभा आहे त्यांना हे समजण्यास कठीण जाऊ नये. त्या शुक्रवारी संध्याकाळी हिशेब मांडणाऱ्यांच्या हातीही शून्यच आले होते.

आपले ठाणे

आता पुन्हा झाशीला येऊ या. या शहरात संत यहूदाचे पवित्रस्थान आहे; दरवर्षी ऑक्टोबरअखेरीस दूरदूरचे भाविक तेथे येतात. ज्यांची सर्व आशा संपली अशांचा कैवारी म्हणून या संताला मानले जाते. गर्दीतल्या त्या चेहऱ्यांकडे पाहिले म्हणजे कळते की बुडण्यासाठी समुद्र लागत नाही. कर्जात बुडालेले आहेत, दारूत बुडालेले आहेत. मूल गमावलेली आई आहे, परीक्षेत नापास झालेला आणि कोणाशीही न बोलणारा तरुण आहे. येथील मोठ्या जंक्शनवर, देशातील इतर मोठ्या स्थानकांप्रमाणेच, घर सोडून आलेली मुलेही उतरतात. नागपूर असो, अहिल्यानगर असो, वसई असो की बेळगाव, आपल्या गावीही हीच माणसे आहेत.

त्यांच्यासाठी आपल्या मंडळीचे दार केव्हा उघडे असते? रविवारी सकाळी? नाताळात? स्वतःला विचारा: मध्यरात्री एखाद्याने हाक मारली तर आपल्या मंडळीत कोणाला उठवायचे हे ठरलेले आहे काय? रुग्णालयात एकट्या पडलेल्याजवळ रात्र काढण्याची पाळी कोणाची? प्रथमोपचार, बंद पडलेला श्वास चालू करणे, हे आपल्या तरुण संघातील किती जण शिकले आहेत? आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्याशी कसे बोलावे, हे आपल्यापैकी कोणाला कधी शिकविले गेले आहे काय? ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांचा अहवाल वार्षिक सभेत शोभून दिसत नाही. ज्या वर्षी संकट येत नाही त्या वर्षी ती व्यर्थही वाटतात आणि खर्च कमी करण्याची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. परंतु 'ह्यूरन'च्या किनाऱ्यावरील कुलूप असेच पडले होते. कोणाच्याही द्वेषाने नव्हे, कोणीतरी सभ्यपणे ठरविलेल्या तारखेने.

यावरून माझ्या मते काइनाच्या प्रश्नाचे उत्तर असे: होय, आपण राखणदार आहोत. भाऊ बुडू लागल्यावर आपण राखणदार होत नाही. तो हसतखेळत असतो, समुद्र शांत असतो, तेव्हाच आपण एकतर झालेले असतो किंवा झालेले नसतो. संकटाच्या क्षणी उडी घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही, आणि न जमल्याबद्दल देव आपला किती न्याय करील हे त्याच्याच दयेवर सोपवावे. ज्याला पोहता येत नाही त्याच्याकडून उडीची अपेक्षा कोण करील? पण दोर वळणे, दोर तपासणे, पाळी लावणे, दिव्यात तेल घालणे, हे कोणाला जमत नाही? तेथे आपल्याजवळ सबब नाही.

एक गोष्ट शेवटी नम्रपणे मान्य केली पाहिजे. सुलतानगढच्या त्या रात्री पाण्यात उतरलेल्यांना खडकावरच्यांची जात वा धर्म विचारण्यास वेळ नव्हता, आणि काठावर ओढल्या गेलेल्यांनीही हात कोणाचा आहे हे विचारले नाही. प्रभूने आपल्या दृष्टान्तात यहूद्यांना शोमरोन्याकडून धडा दिला. आजही तो आपल्याला आपल्या कुंपणाबाहेरच्यांकडून शिकवीत असेल, तर शिकण्यात कमीपणा कसला?

पुढच्या वेळी आपल्या मंडळीची सभा भरेल आणि जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा वाचकहो, एवढे अवश्य विचारा: आपल्या ठाण्याची किल्ली सध्या कोणाजवळ आहे? आणि कोणाजवळच नसेल, तर ती मागून घ्या.